परवाना, वय आणि परमिट रूम

महाराष्ट्रात उपाहारगृहात बसून दारू मागणाऱ्या गिऱ्हाइकाजवळ कायद्याने दोन गोष्टी असाव्या लागतात : पिण्याचा परवाना आणि वयाचा पुरावा. वयाचा पुरावा जगभर मागितला जातो, परवान्याची अट मात्र फार थोड्या ठिकाणी आहे. या दोन अटींचा उगम एक नाही. परवाना १९४९ च्या दारूबंदी कायद्यातून आला. त्यामागचा प्रश्न होता, ही व्यक्ती कोण आणि तिला पिण्याची मुभा का द्यावी? वयाची अट लिहिलेली होती, पण ती कित्येक दशके परवान्याच्या आड राहिली. परवाना हळूहळू उपचारापुरता उरला तेव्हा वय तपासण्याचे काम टेबलाशी उभ्या असलेल्या वेटरवर येऊन पडले, आणि त्यासाठी ना कायद्याने त्याला तयार केले होते, ना धंद्याने.

इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यात पिणाऱ्याची ओळख कोणी विचारत नसे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याचा सगळा रोख महसुलावर होता. दारू गाळण्याचा आणि विकण्याचा हक्क सरकारचा, तो ठरावीक रकमेला मक्तेदाराला द्यायचा आणि चोरटी भट्टी चालू द्यायची नाही, एवढेच त्याचे सूत्र. त्यामुळे तपासणी होई ती भट्टीची, मापाची, दुकानाच्या परवान्याची. ताडीसाठी छेदायच्या प्रत्येक झाडावर कर होता. १८९२ च्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले साठवण्यावरही निर्बंध आले. फुलापासून गुत्त्यापर्यंत प्रत्येक टप्प्याची नोंद होती. गुत्त्यावर येऊन पिणारा कोण, केवढा, कुठला, याची नोंद ठेवण्याचे सरकारला कारणच नव्हते. गिऱ्हाईक वाढले तर महसूल वाढत होता.

या व्यवस्थेला विरोध झाला तोही पिणाऱ्याची छाननी करा म्हणून नव्हे, दुकाने कमी करा म्हणून. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० मध्ये शहरात दारूची दुकाने वाढत असल्याबद्दल त्यांनी लेखी हरकत घेतली. १९०८ मध्ये पुण्यात गुत्त्यांसमोर निरोधन झाले, त्यात विद्यार्थी उतरले आणि लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिले. १९३० च्या कायदेभंगात दारूच्या दुकानांसमोर उभे राहण्याचे काम गांधीजींनी मुद्दाम स्त्रियांकडे सोपवले. या निदर्शकांनी गिऱ्हाइकाला अडवून हात जोडले, त्याला लाज वाटायला लावली, पण त्याच्याकडे कागद मागितला नाही. कागद मागण्याची कल्पना दारूबंदीचे सरकार आल्यावर जन्मली.

ब्रिटनमध्ये याच काळात वेगळा रस्ता धरला गेला होता. १८७२ च्या परवाना कायद्याने सोळा वर्षांखालच्या दिसणाऱ्या व्यक्तीला दुकानात बसून पिण्यासाठी कडक दारू विकणे हा गुन्हा ठरवला. १९२३ मध्ये नॅन्सी ॲस्टर यांच्या पुढाकाराने मद्यविक्रीसाठी अठरा वर्षांची मर्यादा आली. ॲस्टर या हाउस ऑफ कॉमन्समध्ये बसलेल्या पहिल्या महिला सदस्य. या कायद्यांनी प्रौढाला प्रश्न केला नाही, फक्त लहानाला दूर ठेवले. आणि लहान कोण हे ठरवण्याचे काम विकणाऱ्याच्या नजरेवर सोपवले. ‘दिसायला अमुक वर्षांखालचा’ ही शब्दयोजना भारतातल्या अबकारी कायद्यांतही आली आणि ती अजून टिकून आहे. दिल्लीच्या २००९ च्या कायद्यात दिसायला पंचवीस वर्षांखालच्या व्यक्तीला दारू देण्यास मनाई आहे. चेहऱ्यावरून वय ओळखणे किती बेभरवशाचे असते हे प्रत्येक वेटर जाणतो. तरीही हा शब्दप्रयोग टिकला, कारण ज्या समाजात जन्माची नोंदच धड नव्हती तिथे डोळ्यांखेरीज दुसरे साधन नव्हते.

मुंबई इलाख्यात १९३७ मध्ये बाळ गंगाधर खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले. आरोग्य व अबकारी खाते डॉ. एम. डी. डी. गिल्डर यांच्याकडे होते. ते हृदयरोगतज्ज्ञ आणि गांधीजींचे डॉक्टर. अहमदाबादेत १९३८ मध्ये आणि मुंबई शहरात १ ऑगस्ट १९३९ रोजी दारूबंदी सुरू झाली. बुडणारा महसूल भरून काढण्यासाठी शहरातल्या स्थावर मालमत्तेवर १० टक्क्यांपर्यंत कर बसवण्यात आला. सर्वांत तीव्र विरोध पारशी समाजातून झाला. दारूच्या धंद्यात पारशी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या होती, आणि त्या समाजाच्या घरगुती व धार्मिक जीवनातही मद्याला जागा होती. गिल्डर स्वतः पारशी असल्याने हा विरोध त्यांना फार जवळून सोसावा लागला. नोव्हेंबर १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. पुढच्याच वर्षी उच्च न्यायालयाने जुन्या अबकारी कायद्याखाली काढलेली बंदीची अधिसूचना अवैध ठरवली. महसुलासाठी केलेल्या कायद्यात बंदी बसवता येत नाही, हा या निकालाचा व्यावहारिक धडा होता. बंदी हवी तर तिच्यासाठी मुळापासून नवा कायदा लिहावा लागणार होता.

तो कायदा स्वातंत्र्यानंतर लिहिला गेला. पुन्हा खेर मुख्यमंत्री होते आणि गृहखाते मोरारजी देसाई यांच्याकडे होते. मुंबई दारूबंदी कायदा १६ जून १९४९ रोजी अमलात आला आणि ६ एप्रिल १९५० पासून राज्यभर पूर्ण दारूबंदी झाली. मधल्या काळात संविधान लागू झाले होते. त्याच्या अनुच्छेद ४७ ने मादक पेयांवर औषधी उपयोगाखेरीज बंदी आणण्याचा प्रयत्न करणे हे राज्याचे कर्तव्य सांगितले.

या कायद्याची रचना नीट समजून घेतली पाहिजे, कारण आजही ती तशीच उभी आहे. आधी सगळ्याला मनाई : दारू बनवणे, विकणे, विकत घेणे, बाळगणे, नेणे, पिणे. मग एकेक अपवाद. जिथे दारू सर्वत्र प्यायली जाते अशा परदेशात जन्मलेल्या व वाढलेल्या व्यक्तीला परवाना मिळू शके. परकीय राजदूत आणि त्यांच्या परिवारासाठी विशेष परवाना होता. बाहेरून येणाऱ्याला पाहुण्याचा, पर्यटकाला पर्यटकाचा, आणि प्रकृती राखण्यासाठी दारू लागते असे ठरलेल्याला आरोग्याचा परवाना. तातडीच्या औषधी उपयोगासाठी वेगळी तरतूद होती. चर्चमधल्या धर्मविधीच्या द्राक्षारसासाठी अधिकारपत्राची सोय होती. लष्कराच्या मेसना सूट होती. म्हणजे नागरिकांचे प्रकार पाडले गेले आणि प्रत्येक प्रकाराला एक कागद लावला गेला. ज्याचा कोणताच प्रकार नव्हता, अशा सामान्य माणसाला पिण्याचा मार्ग कायद्याने बंद केला.

हॉटेलांसाठी स्वतंत्र कलम होते. परदेशी मद्य विकण्याचा परवाना हॉटेलच्या व्यवस्थापकाला मिळे, पण विक्री फक्त परवानाधारकाला आणि तीही तिथे राहणाऱ्या वा जेवणाऱ्याला. इतर लोकांचा वावर असलेल्या खोलीत पिण्यास मनाई होती. सरकारने हॉटेलात आपला अधिकारी नेमला तर त्याचा खर्चही परवानाधारकाने सोसायचा. परमिट रूमचा जन्म या कलमातून झाला : जेवणाच्या दालनापासून वेगळी, बाहेरून आत दिसणार नाही अशी खोली. तिच्या दाराशी कागद पाहिल्याशिवाय आत सोडायचे नाही. मुंबईत दारूपूर्वी ओळखपत्र तपासण्याची रीत इथून सुरू झाली, आणि तिचा वयाशी संबंध नव्हता. पन्नाशीच्या गृहस्थालाही कागद दाखवावा लागे.

परवान्यावर दारूचे प्रमाण युनिटमध्ये लिहिलेले असे. कडक दारूची एक बाटली म्हणजे एक युनिट, आणि वाइन किंवा बिअरच्या अनेक बाटल्या मिळून एक युनिट. महिन्याला किती युनिट हे परवान्यावरच ठरलेले असल्याने विकणाऱ्याला केवळ माणूस ओळखून भागत नसे. आधी किती घेतले, किती उरले, हे पाहून नोंद करावी लागे. आरोग्याच्या परवान्यात वय पाहिले जाई ते आजच्या उलट अर्थाने : वय जास्त तर प्रकृतीसाठी दारूची गरज जास्त मानायची. गुजरातमध्ये आजही वयोगटाप्रमाणे युनिट वाढतात.

अशी व्यवस्था मुंबईनेच शोधली असे नाही. स्वीडनमध्ये इव्हान ब्रॅट या डॉक्टरच्या योजनेने पहिल्या महायुद्धाच्या काळात दारूची शिधापुस्तिका आली. प्रत्येक खरेदीची तिच्यात नोंद होई. उत्पन्न, वर्तन, घरची स्थिती पाहून प्रमाण ठरे आणि विवाहित स्त्रियांना सहसा स्वतंत्र पुस्तिका मिळत नसे. ही पद्धत १९५५ मध्ये बंद झाली. कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतातही १९२७ पासून १९६२ पर्यंत वैयक्तिक परवाना-पुस्तिका होत्या. दोन्ही ठिकाणी पिण्याला मुभा होती आणि पुस्तिका प्रमाण राखण्यासाठी होती. मुंबईत मुळातच मनाई होती आणि परवाना हा मनाईतून सुटका देणारा कागद होता. हा फरक मोठा आहे. शिधापुस्तिका काढून टाकता येते. पण मनाईच्या पायावरच उभा असलेला परवाना काढायचा तर कायद्याचा पायाच हलवावा लागतो, आणि महाराष्ट्रात तो कोणी हलवला नाही.

कायदा अमलात येताच तो न्यायालयात गेला. एफ. एन. बलसारा यांनी व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बिअर, मद्यार्क असलेली औषधे आणि ओ-द-कोलोन बाळगण्या-वापरण्याचा हक्क मागितला. मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २५ मे १९५१ रोजी निकाल लागला. औषधे व प्रसाधने यांच्यावरची बंदी रद्द झाली, बाकी कायदा बहुतांशी टिकला. परदेशी व्यक्ती आणि लष्करी मेस यांना दिलेली सूट हे समतेचे उल्लंघन नाही, हे वर्गीकरण वाजवी आहे, असे न्यायालयाने मानले. ओळख पाहून पिण्याची मुभा देण्याच्या पद्धतीला इथे घटनात्मक मान्यता मिळाली.

दुसऱ्या एका खटल्याने वेगळीच अडचण पुढे आणली. १९५१ मध्ये मुंबईतल्या कुलाब्यात जीपच्या धडकेने माणसे जखमी झाली. चालक बेहराम पेसिकाका हे प्रादेशिक परिवहन अधिकाऱ्याचे काम पाहत होते. त्यांच्या तोंडाला दारूचा वास होता. मद्यार्क असलेले औषध घेतले होते, असा त्यांचा बचाव होता. बलसारा निकालानंतर असे औषध घेणे गुन्हा उरला नव्हता, तेव्हा पोटात गेले ते औषध नव्हे हे कोणी सिद्ध करायचे? सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने ही जबाबदारी सरकार पक्षावर टाकली. त्यानंतर १९५९ च्या दुरुस्तीने रक्तातल्या मद्यार्काचे प्रमाण ०.०५ टक्के वा अधिक असेल तर ते औषध नव्हते हे आरोपीने दाखवावे, अशी तरतूद झाली. कागदावरची ओळख पुरेशी नाही म्हणून रक्ताची तपासणी आली. परवान्याशिवाय पिणारे इतके होते की दारात कागद पाहून बंदी राखता येणे शक्यच नव्हते.

कारण बहुसंख्य पिणारे त्या दारात येतच नव्हते. परमिट रूम परदेशी पाहुण्यांची, पैसेवाल्यांची, ज्यांचा डॉक्टर दाखला देई त्यांची. गिरणीतला कामगार, गोदीतला हमाल, वस्तीतला मजूर यांच्यासाठी हातभट्टी होती. खाडीकाठच्या झुडपांत, वस्त्यांच्या आडोशाला गूळ आणि नवसागराची दारू गाळली जाई आणि शहरातल्या लहान लहान घरांतून विकली जाई. तिथेही ओळख विचारली जाई, पण ती पोलिसाचा माणूस आहे का एवढीच. विषारी दारूचे बळी याच व्यवस्थेतून गेले. परवाना-पद्धतीवरचा सर्वांत गंभीर आक्षेप हा आहे : तिने सुरक्षित दारू ओळखीच्या मोजक्यांपुरती ठेवली आणि गरिबाला जिवाशी खेळ करायला लावला. १९६३-६४ मध्ये केंद्राने नेमलेल्या न्यायमूर्ती टेकचंद अभ्यासगटाने देशभरातल्या दारूबंदीचा आढावा घेतला, तेव्हा चोरट्या धंद्याचा हा पसारा कोणाला नाकारता येण्यासारखा राहिला नव्हता.

१ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे दोन भाग झाले आणि एकच कायदा दोन राज्यांत दोन वाटांनी गेला. गुजरातने बंदी ठेवली. महाराष्ट्रात वसंतराव नाईक यांच्या कारकिर्दीत, १९६० च्या दशकाच्या मध्यापासून, ती टप्प्याटप्प्याने सैल झाली. परवाने सहज मिळू लागले, डॉक्टरच्या दाखल्याची धार बोथट झाली आणि १९७३ च्या नियमांनी देशी दारूची परवानाधारक दुकाने आली. कायद्याचे नाव मात्र दारूबंदीचेच राहिले, आजही ते ‘महाराष्ट्र दारूबंदी कायदा’ आहे. मूळ मनाईही तशीच राहिली. मोकळीक दिली गेली ती अपवादाचे दार रुंद करून. परवान्यात ‘आरोग्य राखण्यासाठी’ ही भाषा अजून आहे, आणि आठवडाभराच्या कामानंतर मित्रांसोबत बिअर मागवणारा तरुण कायद्याच्या लेखी प्रकृतीच्या कारणाने पीत असतो.

परमिट रूम आता सर्वसामान्यांची झाली. १९५३ च्या परदेशी मद्य नियमांखालचा ‘एफएल-३’ हा परवाना घेऊन मुंबई-पुण्यात, नंतर तालुक्याच्या गावी आणि हमरस्त्यांवर हॉटेले उभी राहिली. त्यांत उडुपी-मंगळूरकडच्या शेट्टी मालकांचा वाटा मोठा. चहा-डोशाच्या धंद्यातून अनेक जण या धंद्यात आले. आत वेगळा कौटुंबिक विभाग आला, काचा काळ्या राहिल्या. या हॉटेलात कागद फक्त गिऱ्हाइकाचा नसतो. तिथे काम करणाऱ्या माणसांची नावे ‘नोकरनाम्या’त लिहून उत्पादन शुल्क खात्याकडून मंजूर करून घ्यावी लागतात. म्हणजे दुसऱ्याचा परवाना पाहणारा वेटर स्वतःही खात्याच्या नोंदीतला माणूस असतो. निरीक्षकाची धाड पडली की गिऱ्हाइकांचे परवाने, नोकरनामा, साठ्याची वही आणि प्रत्यक्ष बाटल्या यांचा मेळ घातला जातो. पगार थोडा आणि टिपवर मदार असलेल्या माणसाकडून अशा वेळी गिऱ्हाइकाला नाही म्हणण्याची अपेक्षा ठेवणे हे सोपे नाही. नकाराने टेबल उठते, टिप जाते आणि मालकही नाराज होतो.

गिऱ्हाइकाच्या बाजूने कायद्याने तीन प्रकारचे परवाने ठेवले : एक दिवसाचा, वर्षाचा आणि आजीवन. वर्षाचा १०० रुपयांना, आजीवन १,००० रुपयांना आणि एक दिवसाचा परदेशी मद्यासाठी ५ रुपये, देशीसाठी २ रुपये असे दर बरीच वर्षे चालत आले. एक दिवसाच्या परवान्याची छापील पुस्तके हॉटेल खात्याकडून विकत घेते आणि गल्ल्यावर ठेवते. नियमाने प्रत्येक पिणाऱ्याच्या नावाने एक पान फाडायचे. प्रत्यक्षात हे काम बहुधा गल्ल्यावरच उरकले जाते आणि पुष्कळ गिऱ्हाइकांना आपल्याला परवाना लागतो हेही माहीत नसते. १९५० च्या सुमाराला ज्या कागदासाठी वैद्यकीय तपासणी लागत होती तो आता बिलासोबत येतो किंवा येतच नाही. परवान्याचा पोकळपणा इथे पूर्ण होतो. मात्र घरगुती समारंभात किंवा शेतघरावरच्या पार्टीत धाड पडली की हाच पोकळ कागद नसल्याबद्दल गुन्हा दाखल होऊ शकतो. कधीही लागू करता येणारा पण रोज लागू न होणारा नियम हा नागरिकाच्या दृष्टीने सर्वांत वाईट. त्याचा वापर कायद्याच्या गरजेवर नव्हे, अधिकाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहतो.

परवाना असा क्षीण होत असताना वयाचा प्रश्न पुढे आला. कायद्यात अल्पवयीनांना विक्रीची मनाई आधीपासून होती. महाराष्ट्रात साध्या बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षे ही मर्यादा आहे. शेजारच्या गोव्यात ती १८ आहे. गोव्यावर १९६१ पर्यंत पोर्तुगीज अंमल असल्याने मुंबई इलाख्याची दारूबंदी तिथे गेलीच नाही आणि परवाना-पद्धतही रुजली नाही. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत मात्र आजही पूर्ण बंदी आहे, म्हणजे एकाच राज्यात वयाचा नियम जिल्ह्याच्या हद्दीप्रमाणे अर्थ बदलतो.

पण वय सिद्ध कशाने करायचे? १९८० च्या दशकातल्या तरुणाजवळ खिशात ठेवण्यासारखा, छायाचित्र असलेला कागद क्वचितच असे. शिधापत्रिकेवर घरातल्या सर्वांची वये होती, पण छायाचित्र नव्हते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख होती, पण तो कोणी हॉटेलात घेऊन जात नसे. वाहन चालवण्याचा परवाना शहरातल्या थोड्यांकडे होता. मतदारांना छायाचित्र असलेली ओळखपत्रे देण्याची मोहीम १९९३ मध्ये मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांच्या काळात सुरू झाली. पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. त्यानंतरच्या काही वर्षांत जवळजवळ प्रत्येकाच्या फोनमध्ये जन्माचे वर्ष आणि छायाचित्र आले. वय तपासणे महाराष्ट्रात प्रत्यक्ष शक्य झाले ते एवढ्यातच. त्याआधीच्या चार-पाच दशकांत वेटरने वय का पाहिले नाही, असे विचारणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे.

अमेरिकेत हे काम आधी पक्के झाले, कारण तिथे वाहन चालवण्याचा परवाना घराघरांत होता. १९७१ मध्ये मतदानाचे वय १८ वर आल्यावर अनेक राज्यांनी पिण्याचे वयही खाली आणले आणि तरुण चालकांचे अपघात वाढले. १९८४ च्या केंद्रीय कायद्याने २१ ची मर्यादा न पाळणाऱ्या राज्यांचा महामार्ग निधी १० टक्क्यांपर्यंत कापण्याची तरतूद केली आणि १९८८ पर्यंत सर्व राज्ये त्या मर्यादेवर आली. वय पाहण्यामागे रस्त्यावरच्या मृत्यूंचे उघड कारण होते आणि ते लोकांना पटवून देता आले. महाराष्ट्रात २१ आणि २५ या आकड्यांमागचे कारण जनतेपुढे असे कधी मांडले गेले नाही. २०११ मध्ये राज्य सरकारने व्यसनमुक्ती धोरणात २५ ची मर्यादा पुढे आणली तेव्हा अभिनेता इम्रान खान याने तिला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. अठराव्या वर्षी मत देणारा, लग्नाचे वय ओलांडलेला नागरिक याबाबतीत अल्पवयीन का, हा त्या वादाचा गाभा होता. वय पाहण्याला विरोध नसलेल्या अनेकांनाही हा आकडा पटत नाही आणि न पटलेला आकडा टेबलाशी पाळला जात नाही.

कोविडच्या टाळेबंदीत परवान्याला काही काळ पुन्हा अर्थ आला. मे २०२० मध्ये दुकानांसमोरची गर्दी टाळण्यासाठी राज्याने घरपोच दारू देण्यास परवानगी दिली, पण ती परवानाधारकालाच. ज्यांनी आयुष्यात परवाना काढला नव्हता त्यांनी तो ऑनलाइन काढला. अर्जात छायाचित्र, पत्ता आणि वयाचा पुरावा द्यावा लागत असल्याने परवाना आणि वय या दोन वेगळ्या तपासण्या त्या काळात एकाच कागदावर आल्या.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव मोटारीने दुचाकीला धडक दिली आणि दोन तरुण अभियंते ठार झाले. मोटार चालवणारा सतरा वर्षांचा होता आणि त्याआधी दोन ठिकाणी त्याच्या टेबलावर दारू दिली गेली होती. वय न पाहता दारू दिल्याच्या आरोपावरून तिथल्या मालक-व्यवस्थापकांना अटक झाली, दोन्ही जागा बंद करण्यात आल्या आणि उत्पादन शुल्क खात्याने शहरभर तपासण्या सुरू केल्या. २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या कलम ७७ नुसार बालकाला मादक पेय देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दारूबंदी कायद्याच्या पंचाहत्तर वर्षांत परवाना नसल्याबद्दल असंख्य गुन्हे नोंदले गेले, पण लहान वयाच्या गिऱ्हाइकाला दारू दिल्याचा प्रश्न इतक्या ठळकपणे पुढे यायला दोन जीव जावे लागले. त्यानंतर शहरातल्या अनेक ठिकाणी प्रवेशद्वारावरच आधार किंवा वाहन परवाना पाहण्याची पद्धत कडक झाली. टेबलावर एकच जण मागवतो आणि सगळे पितात, ही अडचण दाराशी कागद पाहून थोडी कमी होते. उसन्या ओळखपत्राची आणि फोनमधल्या बदललेल्या चित्राची अडचण मात्र राहतेच.

त्याच १९४९ च्या कायद्याची दुसरी शाखा गुजरातमध्ये जुन्याच वाटेने चालली आहे. तिथे आरोग्याचा परवाना वैद्यकीय तपासणीनंतर मिळतो आणि बाहेरून आलेल्याला पाहुण्याचा. डिसेंबर २०२३ मध्ये गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत सवलत दिली गेली, तीही ओळखीवर बांधलेली : तिथल्या कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना परवाना, आणि पाहुण्याला तात्पुरता, तोही कर्मचारी सोबत असेल तर, असा तेव्हाचा नियम होता. तिथला वेटर आजही आधी विचारतो, ही व्यक्ती कोणत्या वर्गातली?

मादक पेये हा संविधानाच्या राज्यसूचीतला विषय आहे. त्यामुळे वयाची मर्यादा, परवाना आणि तपासणीची पद्धत प्रत्येक राज्य स्वतः ठरवते, आणि गोव्याच्या १८ पासून दिल्लीच्या २५ पर्यंत हे आकडे पसरलेले आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये दारू विकणाऱ्या आणि वाढणाऱ्या सर्व ठिकाणी वय तपासणे सक्तीचे करावे, या मागणीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारचे म्हणणे मागवले. महाराष्ट्रापुरती ही सक्ती आली तरी दारूबंदी कायद्याखालचा परवाना तसाच राहतो, कारण तो रद्द करण्याचा अधिकार विधिमंडळाचा आहे. तोवर परमिट रूममधल्या वेटरला कायद्याने दोन्ही गोष्टी मागायच्या आहेत : जन्मतारीख दाखवणारे ओळखपत्र आणि पिण्याचा परवाना.